फिनालेतल्या ४०० फाइली, दोन कपाटं कागद आणि नवं सॉफ्टवेअर: सुरुवात कुठून करायची?

पार्टांचा_गठ्ठा

आमचा ३१ जणांचा हौशी विंड बँड आहे. फ्लूट २, क्लॅरिनेट ७ (पार्ट, म्हणजे वादकासमोरचे वेगवेगळे कागद, तीन), आल्टो सॅक्सोफोन ३, टेनर २, ट्रम्पेट ५, हॉर्न २, ट्रॉम्बोन ३, युफोनियम २, ट्यूबा १ आणि तालवाद्यांवर चौघं. मार्च, जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीतं, भावगीतं, थोडं पाश्चात्त्य असं सगळंच वाजवतो.

संगीत तीन जागी विखुरलंय. एका विंडोज लॅपटॉपवर फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या अंदाजे ४०० फाइली, त्यातल्या दीडशे जुन्या एमयूएस प्रकारच्या आणि बाकीच्या नव्या एमयूएसएक्स प्रकारच्या. नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' अशी. दोन कपाटांत हातानं लिहिलेले आणि विकत आणलेले पार्ट. तिसरी जागा म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप, जिथे प्रत्येक कार्यक्रमाआधी कुणीतरी पीडीएफ टाकतं आणि ती कुठली आवृत्ती आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

फिनाले बंद झाल्यामुळे हलणं भाग आहे. तर प्रश्न असे:

१. फिनालेच्या जागी म्यूजस्कोअर घ्यावं की डोरिको?
२. सगळ्या ४०० फाइली बदलायच्या का? बदलताना काय काय मोडतं?
३. शीर्षकं आणि गाण्याचे शब्द जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, ते इतर कंप्युटरवर रोमन अक्षरांचा खिचडा दिसतात. उपाय?
४. फाइलींना आणि कागदांना नावं-नंबर कसे द्यावेत?

बास_क्लेफ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक बँड तिथेच फसतात. सगळ्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये *आणायच्या* नाहीत, सगळ्या *वाचवायच्या* आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत. वाचवण्याचं काम दोन-तीन शनिवार-रविवारांत उरकतं. आणण्याचं काम ज्या रचना येत्या हंगामात वाजणार आहेत तेवढ्याच धरा.

फिनाले बनवणाऱ्या मेकम्यूजिकनं २६ ऑगस्ट २०२४ ला फिनालेचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. आवृत्ती २७ शेवटची. वर्षभरानं ऑथरायझेशन (कंप्युटरवर ते चालू करण्याची परवानगी) देणंही बंद करू असं आधी म्हटलं होतं, पण ओरड झाल्यावर तो निर्णय लगेच मागे घेतला. म्हणजे ज्या लॅपटॉपवर ते आज चालतंय तिथे चालत राहील. खरा धोका त्या लॅपटॉपला आहे. विंडोजची मोठी अपग्रेड, डिस्क जाणं, कुणीतरी फॉरमॅट मारणं, यातलं काहीही पुरे. तेव्हा तो लॅपटॉप आता फक्त या कामासाठी ठेवा आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलू नका.

क्रम असा:

आधी सगळं आहे तसं उचलून एका बाहेरच्या डिस्कवर आणि एका क्लाउडवर ठेवा. नावं सुधारू नका, 'फायनल नवीन २' सुद्धा तसंच राहू द्या. हा संच यापुढे कुणी उघडून सेव्ह करायचा नाही.

मग पीडीएफ. प्रत्येक रचनेचा स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र) आणि सगळे पार्ट. फिनालेच्या प्रिंट खिडकीत स्कोअर आणि पार्टांची यादी येते, तिथे सगळ्यांवर खूण करून पीडीएफ प्रिंटरकडे पाठवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. म्यूजिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संगीत नेण्याचा सामायिक फाइल-प्रकार) मधून पान जसंच्या तसं येत नाही, आणि नंतर 'इथे सी होता की सी शार्प?' असा वाद झाला की निवाडा या पीडीएफनंच होतो.

मग म्यूजिकएक्सएमएल. फाइल मेनूत एक्सपोर्ट, त्यात 'ट्रान्सलेट फोल्डर टू म्यूजिकएक्सएमएल'. अख्खा फोल्डर एका दमात होतो, पण चाळीस-पन्नास फाइलींचे फोल्डर करून चालवा, म्हणजे मध्येच अडलं तर कुठे अडलं ते सापडतं. संपल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजा. आकडा जुळला नाही तर राहिलेल्या एकेक उघडून हातानं एक्सपोर्ट करा. एमयूएसएक्स २०१४ च्या आवृत्तीपासून आलं, त्यामुळे तुमच्या एमयूएस फाइली त्याआधीच्या आहेत. एखादी उघडताना फॉन्ट सापडत नाही असं सांगेल. तो संदेश आला की फॉन्टचं नाव टिपून ठेवा, तिसऱ्या प्रश्नासाठी लागेल.

एवढं झालं की लॅपटॉप उद्या गेला तरी संगीत जात नाही. पुढचं सावकाश.

अडीच_सप्तक

काय मोडतं? म्यूजिकएक्सएमएल मध्ये स्वर, लांबी, सप्तक, की सिग्नेचर, स्लर, डायनॅमिक्स, शब्द बरेचसे ठीक येतात. पानाची मांडणी, पार्टांची मांडणी आणि हातानं सरकवलेल्या गोष्टी गेल्यातच जमा धरा. उलट जुनी मांडणी आणूच नका. म्यूजस्कोअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्ट खाली 'इम्पोर्ट लेआउट' ची खूण काढा. डोरिकोतही म्यूजिकएक्सएमएल इम्पोर्टची वेगळी यादी आहे, तिथे जेवढं कमी निवडाल तेवढी फाइल स्वच्छ येते.

तालमीत सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे रिहर्सल मार्क, म्हणजे कुठून घ्यायचं ते सांगणारी अक्षरं. फिनालेत पुष्कळांनी ए, बी, सी ही अक्षरं साधी मजकूर-खूण म्हणून फक्त वरच्या ओळीवर, म्हणजे फ्लूटवर, टाकलेली असतात. इम्पोर्टनंतर ती फ्लूटचा मजकूर म्हणूनच येतात. स्कोअरवर दिसायला सगळं बरोबर. पण तिसऱ्या क्लॅरिनेटचा पार्ट काढला की त्यात बी नाहीच, आणि जिथे ८ बारचा रेस्ट, मग बी, मग ८ बारचा रेस्ट असायला हवा तिथे सलग १६ चा रेस्ट येतो. 'बी पासून घ्या' म्हटलं की क्लॅरिनेटवाले एकमेकांकडे बघतात. उपाय: ती अक्षरं पुसून खऱ्या रिहर्सल मार्क म्हणून परत टाका. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये खरा मार्क सगळ्या पार्टांत उतरतो आणि लांब रेस्ट आपोआप तोडतो. टेम्पोच्या खुणा आणि दा काप्पो, दाल सेन्यो, कोडा या मागे-पुढे जायला सांगणाऱ्या खुणा यांचंही तेच. नुसता मजकूर म्हणून आले असतील तर प्लेबॅक सरळ पुढे जातो आणि पार्टांत ते दिसत नाहीत.

दुसरं, एका ओळीवर दोन वादक. 'ट्रम्पेट १-२' एकाच स्टाफवर (पाच रेषांच्या ओळीवर) असेल तर तो एकच पार्ट म्हणून येतो. एका ओळीतले स्वर वेगळ्या ओळींत फोडण्याची 'एक्सप्लोड' ची सोय दोन्हीकडे आहे, पण एकच स्वर लिहिला असेल तर तो दोघांनी वाजवायचा की फक्त पहिल्यानं, हे प्रोग्रामला कळत नाही. त्या जागा जुन्या पीडीएफशी ताडून बघा.

तिसरं, ड्रम. साइड ड्रम आणि बास ड्रम एका ओळीवर लिहिलेले असतील तर ते हमखास चुकीच्या रेषेवर किंवा चुकीच्या आवाजावर उतरतात, कारण फिनालेचा पर्कशन लेआउट जसाच्या तसा पलीकडे पोचत नाही. दोन-तीन पानांचा ड्रम पार्ट दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन लिहिणं लवकर होतं. ढोलकी, ताशा असेल तर एका रेषेचा स्टाफ घेऊन नाव बदला. आवाज जवळपासचा लावा, छपाईला फरक पडत नाही.

पार्टांचा_गठ्ठा

एक मार्च म्यूजस्कोअर ४ मध्ये उघडून बघितला. फ्लूट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ठीक. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट प्लेबॅकमध्ये एक सूर वर वाजतायत, आल्टो तर कुठल्या कुठे. इन्स्ट्रुमेंट बदलून बी फ्लॅट क्लॅरिनेट केलं तर लिहिलेलंही बदललं, डीच्या जागी ई आला.

अडीच_सप्तक

क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोनला लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात, पण मूळ फाइल करणाऱ्यानं तो फरक सांभाळणारा ट्रान्सपोझिंग स्टाफ लावलेला नाही. क्लॅरिनेटवाल्याला जे दिसायला हवं तेच साध्या स्टाफवर टाइप केलंय. छापील पार्ट त्यामुळे बरोबर, पण फाइलच्या दृष्टीनं ते खरे, कानाला येणारे स्वर आहेत. तुम्ही इन्स्ट्रुमेंट बदललंत तेव्हा म्यूजस्कोअरनं आवाज तोच ठेवून लिखाण एक सूर वर नेलं. त्यानं त्याचं काम चोख केलं.

आता एवढंच करा: इन्स्ट्रुमेंट बदललेलं राहू द्या, ती पूर्ण ओळ निवडा, टूल्समध्ये ट्रान्सपोझ, 'बाय इंटरव्हल', खाली, मेजर सेकंड, आणि की सिग्नेचरही बदलण्याच्या चौकटीत खूण. लिहिलेलं परत डीवर येईल, आवाज सीचा येईल. ट्रम्पेटला तेच. आल्टोला खाली मेजर सिक्स्थ, हॉर्नला खाली परफेक्ट फिफ्थ. टेनरला खाली मेजर सेकंड आणि शिवाय आणखी एक अख्खं सप्तक खाली. युफोनियम जर ट्रेबल क्लेफमध्ये वाचत असतील तर टेनरसारखंच, बास क्लेफमध्ये असतील तर काहीच नाही. एकाच बँडात दोन्ही प्रकारचे युफोनियमवाले सापडतात, तेव्हा दोन्ही पार्ट काढून ठेवा.

तपासायची युक्ती: सगळ्या ओळी कानाला येतात तशा दाखवणारं 'कॉन्सर्ट पिच' चं बटण दाबा. ड्रम सोडून सगळ्या ओळींवर एकच की सिग्नेचर दिसली पाहिजे. जिथे वेगळी दिसेल ती ओळ अजून बिघडलेली आहे. दहा सेकंदांचं काम, प्रत्येक फाइलला करा.

आणि गायकाच्या पट्टीची गाणी. पेटीवाला 'काळी एक' म्हणाला की बरेच जण सी शार्प मेजर घेतात, सात शार्प. क्लॅरिनेट एक सूर वर, म्हणजे डी शार्प मेजर, हिशेबानं नऊ शार्प. फिनाले अशा वेळी की सिग्नेचर सोपी करून दाखवायचं, इम्पोर्टनंतर मात्र काही पार्ट वाचण्यापलीकडचे होतात. काळी एक ही डी फ्लॅट म्हणूनच लिहा. पाच फ्लॅट, मग क्लॅरिनेट-ट्रम्पेटला ई फ्लॅट (तीन फ्लॅट) आणि आल्टोला बी फ्लॅट (दोन फ्लॅट). सगळे सुखी. एखादीच ओळ अडत असेल तर म्यूजस्कोअरमध्ये त्या स्टाफच्या गुणधर्मांत शार्प हवेत की फ्लॅट याची पसंती देता येते. गायकच नसेल तर गाणं सरळ काळी पाचवर न्या. बी फ्लॅट ही बँडची घरची पट्टी, वाजवणाऱ्यांची बोटं तिथे आपोआप पडतात.

बास_क्लेफ

पहिला प्रश्न राहिलाच. म्यूजस्कोअर मोफत आहे आणि तुमच्या कामाला पुरतं. चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, त्याआधीचे जुने व्हिडिओ बघून शिकू नका, मेनू बदललेत. सगळ्यात मोठा फायदा असा की पाच जण आपापल्या घरी दुरुस्त्या करू शकतात, लायसन्सची भानगड नाही.

डोरिको प्रोला पैसे मोजावे लागतात. फिनालेवाल्यांसाठी २०२४ मध्ये १४९ डॉलर असा सवलतीचा भाव होता, आजचा भाव बघून घ्या. त्यात 'वादक', 'वाद्य' आणि 'लेआउट' वेगवेगळे असतात, त्यामुळे एकच माणूस फ्लूट सोडून पिकोलो घेतो हे नीट मांडता येतं, आणि तीन क्लॅरिनेट पार्ट स्कोअरवर एकाच ओळीत आपोआप गोळा होतात. ३१ जणांच्या स्कोअरला ही मोठी सोय आहे. माझं मत: जो एक जण अरेंजमेंट करतो त्यानं हवं तर डोरिको घ्यावं, बँडची सामायिक आवृत्ती मात्र म्यूजस्कोअर आणि म्यूजिकएक्सएमएल मध्ये असावी.

फिनालेच्या सवयीचं एक सांगतो. फिनालेत ५ म्हणजे क्वार्टर नोट, ४ म्हणजे एटथ. म्यूजस्कोअरमध्येही तेच आकडे आहेत. डोरिकोत मात्र सगळं एकानं सरकलंय: ६ क्वार्टर, ५ एटथ. पहिला आठवडा प्रत्येक ओळ निम्म्या लांबीची टाइप होते. स्पीडी एंट्रीची सवय, म्हणजे आधी स्वर मग लांबी, असलेल्यांनी डोरिकोत नोट इनपुट चालू करून के दाबावं. म्यूजस्कोअरमध्ये नेहमीची पद्धत आधी लांबी मग स्वर अशी आहे.

अनुस्वार

मराठीच्या खिचड्याबद्दल. फिनालेत युनिकोड २०१२ च्या आवृत्तीत आलं. त्याआधीची मराठी शीर्षकं शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टांत असतात, म्हणजे आत रोमन अक्षरं आणि फॉन्ट तेवढा देवनागरी चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की खिचडा. बास_क्लेफ यांनी फॉन्टचं नाव टिपायला सांगितलं ते यासाठी. त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलता येतो, पण प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी, चुकीचा निवडला तर एका खिचड्यातून दुसरा निघतो. शीर्षक आणि चार ओळी एवढंच असेल तर पीडीएफ बघून पुन्हा टाइप करणं बरं. नवा फॉन्ट युनिकोडच घ्या: यशोमुद्रा, मुक्ता, नोटो, कुठलाही.

स्वरांखाली शब्द टाइप करताना अक्षरं कुठे तोडायची याचा विचार करा. 'महाराष्ट्र' हे म-हा-रा-ष्ट्र असं तोडा. 'राष्-ट्र' तोडलंत तर पाय मोडलेला ष् एका स्वराखाली लटकतो आणि गायक तिथेच अडखळतो. जोडाक्षर नेहमी पुढच्या स्वराखाली अखंड. एक अक्षर अनेक स्वरांवर ओढायचं असेल तर पुढे अंडरस्कोअर दाबत जा, रेघ येते.

पेटीवाले आणि गायक स्टाफ वाचत नसतील तर सारेगम शब्दांच्या दुसऱ्या ओळीत टाका. गंमत अशी की पट्टी बदलून सगळा स्कोअर ट्रान्सपोझ केला तरी ही ओळ बदलावी लागत नाही, कारण सा बरोबर सगळंच सरकतं. कोमल स्वरांना अधोरेखा देता येते.

ग्रंथपाल_ट्रम्पेट

चौथ्या प्रश्नाला नियम एकच: प्रत्येक रचनेला एक नंबर, आणि तोच नंबर कागदावर, फोल्डरवर, यादीत आणि पीडीएफवर. विषयवार किंवा संगीतकारवार नंबर देऊ नका. आली तशी नोंद, ००१ पासून. वर्गवारी एक्सेल किंवा गूगल शीटच्या रकान्यांत होते: शीर्षक, संगीतकार, अरेंजर, पट्टी, मिनिटं, कुठले पार्ट आहेत, कुठले हरवलेत, मूळ स्वरूप, शेवटचं कधी वाजवलं.

फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावं ड्राइव्हवर छान दिसतात, पण झिप करून पाठवली की काही कंप्युटरांवर प्रश्नचिन्हं होतात. नावाचा क्रम: रचनेचा नंबर, शीर्षक, पार्टचा दोन आकडी क्रमांक, वाद्य, तारीख. पार्टचा क्रमांक स्कोअरच्या क्रमानं द्या, म्हणजे ०१ फ्लूट, १० पहिला क्लॅरिनेट, ११ दुसरा, १२ तिसरा, २० आल्टो वगैरे. मध्ये जागा सोडलीत तर नंतर बेस क्लॅरिनेट आला तरी बसतो. वाद्य नुसतं नावानं लिहिलं तर संगणक आल्टो सगळ्यांत वर आणि ट्रम्पेट तळाकडे नेतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. 'फायनल' हा शब्द नावात येऊच द्यायचा नाही.

तीच तारीख पार्टच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छोट्या अक्षरात छापा. तालमीत दोघांकडे दोन वेगळे पार्ट आहेत हे तिथल्या तिथे कळतं, आणि तुमच्या व्हॉट्सअॅपच्या दुखण्यावर यापेक्षा सोपं औषध नाही. ग्रुपवर पीडीएफ टाकणं बंद, फक्त ड्राइव्हची लिंक. ड्राइव्हवर बदल करण्याचा अधिकार दोघांनाच, बाकी सगळ्यांना बघण्यापुरता.

छपाई: जुन्या फिनाले फाइली बहुतेक वेळा अमेरिकन लेटर मापाच्या असतात. झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' करून ए४ वर काढतो आणि स्टाफ बारीक होतो. नव्या फाइलीत पान ए४ करा, पार्टांचा स्टाफ ७ मिलिमीटर उंच ठेवा, आणि पान उलटण्याची जागा रेस्टवर येईल असं बघा. तीन पानांचा पार्ट असेल तर दुसरं-तिसरं समोरासमोर यावं.

हस्तलिखित पार्ट ३०० डीपीआय, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. नुसतं काळं-पांढरं केलं की पेन्सिलीच्या खुणा उडतात, आणि कट, श्वासाच्या जागा, 'इथे थांबा' हे सगळं त्या पेन्सिलीतच असतं. हस्तलिखितं ओळखून टाइप करून देणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. छापील पानांवर ते बरं चालतं, हातच्या लिखाणावर चुका शोधण्यातच जास्त वेळ जातो.

बास_क्लेफ

विकत घेतलेले पार्ट स्कॅन करून दुसऱ्या बँडला देण्याआधी थांबा, एवढं जोडतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभ आणि लग्नाची वरात यांत *वाजवण्याला* सूट आहे. पार्टांच्या प्रती काढून वाटण्याला ती लागू होत नाही. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. चित्रपटगीतांच्या तुमच्या स्वतःच्या अरेंजमेंटही या हिशेबातून सुटत नाहीत. यादीत 'मूळ स्वरूप' हा रकाना आहे तिथेच विकत, हस्तलिखित, स्वतःची अरेंजमेंट असं लिहून ठेवा.

पार्टांचा_गठ्ठा

मार्च सुधारला. कॉन्सर्ट पिचमध्ये सगळ्या ओळी एकसारख्या आल्या, फक्त दुसरा हॉर्न वेगळा दिसतोय. लिहिलेलं बरोबर आहे, पण वाजतो बराच वर. हॉर्न बँडात ई फ्लॅट चेही असतात ना?

अडीच_सप्तक

असतात, टेनर हॉर्न म्हणतात तो ई फ्लॅटचा. जुना पार्ट काढून वर काय छापलंय ते बघा. ई फ्लॅटचा असेल तर इन्स्ट्रुमेंट टेनर हॉर्न करा आणि खाली मेजर सिक्स्थ, आल्टोसारखं. एफचा असेल तर इन्स्ट्रुमेंट बदलणं आणि ट्रान्सपोझ करणं दोन्ही राहिलंय: इन्स्ट्रुमेंट एफ हॉर्न करा आणि खाली परफेक्ट फिफ्थ. वाजवणाऱ्याकडे आज कुठला हॉर्न आहे हेही विचारा, दोन्ही पार्ट काढून ठेवायची वेळ येऊ शकते.